मोनो भाषेचे ध्वनी नोंदवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मोनो भाषेचं ध्वनिमुद्रण हातात आलं की मराठी विद्यार्थी आधी ऐकलेला शब्द देवनागरीत लिहून टाकतो. काम बिघडतं ते इथेच. देवनागरीत जसं बोलू तसं लिहिता येतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय आणि मराठीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण मोनोतले काही ध्वनी असे आहेत, की देवनागरीत उतरवताक्षणी ते शेजारच्या मराठी ध्वनीत मिसळून जातात. ओठाचा फटका मारून काढलेला ध्वनी 'व' होतो, हवा आत ओढून काढलेला 'ब' नुसता 'ब' होतो, आणि सुरांचा, म्हणजे अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढ-उताराचा, तर वहीत मागमूसही राहत नाही. पुढे तेच मुद्रण पुन्हा ऐकलं तरी कानाला वहीतलंच ऐकू येतं.

म्हणून इथे दिलेला क्रम पाळा: आधी मुद्रण, मग डोळ्यांनी पाहणी, मग शब्दाशी शब्द लावून तुलना, आणि खूण कोणती वापरायची हा निर्णय सगळ्यात शेवटी. वहीत लिहायचं ते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, जिच्यात प्रत्येक ध्वनीला एक ठरलेली खूण असते. या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरी खुणा घेतल्या आहेत, त्या जशाच्या तशा वहीत उचलू नका.

टप्पा १: नेमकी कोणती मोनो, हे आधी ठरवा

मोनो नावाच्या भाषा एकाहून जास्त आहेत. आपल्याला हवी आहे ती काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या वायव्येला, उबांगी नदीच्या दक्षिणेकडे बोलली जाणारी, बांडा गटातली मोनो. कॅमेरूनमध्ये एक मोनो आहे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आणखी एक आहे, आणि या तिघींचा एकमेकींशी संबंध नाही. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत काँगोतल्या मोनोचा संकेत 'एमएनएच' आहे, कॅमेरूनच्या मोनोचा 'एमआरयू' आणि कॅलिफोर्नियाच्या मोनोचा 'एमएनआर'. संग्रहातून मुद्रण उतरवून घेताना नाव न बघता संकेत बघा.

मग बोली. बिली, बुबांडा, म्पाका, गालाबा आणि कागा अशा पाच बोली सांगितल्या जातात. भाषाशास्त्रज्ञ केनेथ ओल्सन यांनी ज्या ध्वनिव्यवस्थेचं सविस्तर वर्णन केलं ती बिली बोलीची आहे. या लेखातली माहितीही त्याच बोलीची समजा. बोलणाऱ्यांची संख्या १९८४च्या अंदाजानुसार सुमारे ६५,००० होती, म्हणजे मुद्रणं मोजकीच मिळणार. म्हणून प्रत्येक फाइलवर बोलणाऱ्याचं गाव आणि बोली यांची नोंद हवीच. दोन बोलींचे शब्द एका यादीत मिसळले, की जिथे भेद नाही तिथे तो दिसू लागतो.

टप्पा २: माणसं, साधनं, शब्दयादी

प्रत्यक्ष मोनो भाषकासोबत बसायची संधी मिळाली तर सोनं समजा. पुण्यात किंवा बेंगळुरूत शिकायला आलेला काँगोचा एखादा विद्यार्थी ती संधी देऊ शकतो. त्याच्याशी बोलणं बहुधा फ्रेंचमधून किंवा लिंगाला या काँगोतल्या मोठ्या भाषेतून होईल. आधी संमती घ्या. मुद्रण कशासाठी आहे, कोण ऐकणार आहे, ते त्याच्या भाषेत किंवा त्याला नीट समजेल अशा भाषेत सांगा आणि ही संमतीही मुद्रित करून ठेवा.

शक्यतो निदान तीन भाषक शोधा, त्यात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही असू द्या. आणखी एक गोष्ट बघायची, ती पुष्कळ जण विसरतात: वरचे पुढचे दात. मोनोतला एक ध्वनी खालचा ओठ वरच्या दातांवर आपटून निघतो. दात पडलेल्या वृद्धाकडून शब्द, अर्थ, गोष्टी जरूर घ्या, पण त्या एका ध्वनीसाठी दुसरा माणूस हवा.

साधनं फार लागत नाहीत:

- ध्वनिमुद्रक. फाइल वेव्ह स्वरूपात, निदान ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिट. एमपीथ्री नको. आकार कमी करताना त्यात जे गाळलं जातं ते परत मिळवता येत नाही.
- डोक्याला लावायचा किंवा तोंडापासून ठरावीक अंतरावर राहणारा मायक्रोफोन. तो ओठांच्या बरोबर समोर ठेवू नका, कोपऱ्याशी ठेवा. नाहीतर 'प', 'ब'च्या फुंकरीने आलेख खराब होतो.
- सेकंदाला १२० किंवा त्याहून जास्त चित्रं घेणारा फोनचा कॅमेरा. कारण टप्पा ८ मध्ये येईल.
- प्राट हे संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी ते तयार केलं आहे.

शब्दयादीसाठी भाषांच्या तुलनेला वापरल्या जाणाऱ्या स्वॉडेश यादीच्या शंभर-दोनशे शब्दांवर थांबू नका. ती यादी भाषांचं नातं तपासायला ठीक आहे, पण तेवढ्या शब्दांत ३३ व्यंजनं, ८ स्वर आणि ३ सूर यांच्या भेदांच्या जोड्या, म्हणजे एकाच ध्वनीच्या किंवा सुराच्या फरकाने अर्थ बदलणारे दोन शब्द, सापडत नाहीत. आफ्रिकी भाषांसाठी केलेली १७०० शब्दांची तुलनात्मक यादी आहे, ती घ्या आणि नामं, क्रियापदं, विशेषणं असे तीन गट आधीच वेगळे करा. शरीराचे अवयव, प्राणी, घरातल्या वस्तू यांनी सुरुवात करावी. भाषकाला उत्तर चटकन सुचतं आणि उच्चार मोकळा येतो.

टप्पा ३: मुद्रण

शब्द सुटा तीनदा म्हणवून घ्या आणि मग एका ठरावीक वाक्यात एकदा. ते वाक्य मोनोतलंच हवं, 'तो ... म्हणतो' अशा धर्तीचं, आणि सगळ्या शब्दांना तेच. लिंगाला वाक्यात मोनो शब्द घुसवू नका. लिंगालाला स्वतःचे दोन सूर आहेत आणि त्यांचा परिणाम शेजारच्या शब्दावर होतो.

*सावध:* यादी वाचताना कुणीही शेवटचा शब्द खाली आणतो. आपण 'कांदे, बटाटे, मिरच्या' म्हणताना 'मिरच्या'वर आवाज उतरतो, तोच प्रकार. तीन उच्चारांतला तिसरा यामुळे सुरांच्या मोजमापाला बाद होऊ शकतो. मधला उच्चार आणि वाक्यातला उच्चार यांवर विसंबा.

*सावध:* भाषकाला 'हळू म्हणा, तोडून म्हणा' असं सांगू नका. तोडून म्हटलं की जुळे ध्वनी (टप्पा ५) सुटे होतात, ओठाच्या फटक्याचा ताडित ध्वनी (टप्पा ८) लांबतो, आणि जे कुणीही एरवी बोलत नाही ते तुमच्या फाइलमध्ये येतं. न कळलेला शब्द पुन्हा म्हणवून घ्या, पण त्याच वेगाने.

तुम्ही स्वतः शब्द म्हणून दाखवा आणि भाषकाला 'बरोबर का' विचारा, पण या 'हो'ला फार किंमत देऊ नका. पाहुण्याचं मन राखायला लोक हो म्हणतात. दोन उच्चार करून 'यातला कोणता?' असं विचारा.

टप्पा ४: ऐकण्याआधी शब्द आकाराप्रमाणे लावा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो आणि मग सुरांच्या टप्प्याला सगळं अडतं. इथे अवयव म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा. एका अवयवाचे शब्द वेगळे, दोन अवयवांचे वेगळे, तीन अवयवांचे वेगळे. नामं एकीकडे, क्रियापदं दुसरीकडे.

मोनोत शब्दाचा अवयव साधारणपणे एक व्यंजन आणि एक स्वर असा असतो, व्यंजनाने बंद होत नाही. नामाला किमान दोन अवयव लागतात. मूळ नाम एकाच अवयवाचं असेल, तर त्याच्याच स्वराची नक्कल शब्दाच्या सुरुवातीला लागून शब्द पुरा होतो. हे माहीत नसेल तर स्वराने सुरू होणाऱ्या नामांचा मोठा ढीग दिसतो आणि तो स्वर उपसर्ग असावा असा निष्कर्ष निघतो. त्याच नामाचा समासात किंवा दुसऱ्या शब्दाला जोडून उच्चार मागा, आणि सुरुवातीचा स्वर टिकतो की गळतो ते पाहा.

टप्पा ५: जुळे स्पर्श: क्प आणि ग्ब

मराठी कानाची पहिली मोठी परीक्षा इथे असते. 'एकपात्री' म्हणा. जीभ मागे टेकते, सुटते, मग ओठ मिटतात आणि उघडतात. 'जगबुडी'तही तेच. हे दोन वेगळे ध्वनी एकामागून एक आलेत. मोनोतला क्प हा एकच ध्वनी आहे: जिभेचा मागचा भाग टाळूला टेकलेला असतानाच ओठ मिटलेले असतात आणि दोन्ही जवळपास एकदम सुटतात.

कानाने खात्री होत नसेल, आणि सुरुवातीला होत नाहीच, तर प्राटमध्ये असं पाहा. शब्दाच्या मधला, दोन स्वरांमधला ग्ब निवडा. मोठा करून वर्णपट उघडा, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते दाखवणारं चित्र. त्यात स्वर आडव्या गडद पट्ट्यांसारखे दिसतात, त्या खालून मोजायच्या. आधीच्या स्वराच्या शेवटी दुसरी आणि तिसरी पट्टी एकमेकींकडे झुकताना दिसतील, ही 'ग'ची खूण. मग बंद जागा. आणि पुढच्या स्वराच्या सुरुवातीला पट्ट्या खालून वर चढताना दिसतील, ही 'ब'ची खूण. आत शिरताना 'ग' आणि बाहेर पडताना 'ब', कारण जिभेचा अडसर किंचित आधी बसतो आणि ओठांचा किंचित नंतर सुटतो. मध्ये 'ग' सुटल्याचा वेगळा स्फोट दिसता कामा नये.

आता कालावधी मोजा. बंद जागेची लांबी त्याच भाषकाच्या साध्या 'ब'पेक्षा थोडी जास्त भरली तर चालेल. दुपटीच्या आसपास असेल तर मात्र भाषकाने शब्द तोडून म्हटला असण्याची शक्यता धरा आणि दुसरा उच्चार घ्या.

स्वतः उच्चार शिकायचा असेल तर शब्दाच्या सुरुवातीपासून शिकू नका. 'आग्बा' असा दोन स्वरांमध्ये घेऊन, ओठ आधी मिटून मग जीभ टेकवायचा प्रयत्न करा. उलट क्रमाने गेलं की आपली 'जगबुडी'ची सवय आड येत नाही. सरावासाठी सांगो भाषेचे शब्द उपयोगी पडतात. ती शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची भाषा, तिची मुद्रणं भरपूर आहेत, आणि 'क्पे' म्हणजे पळणं यासारखे सोपे शब्द तिच्यात सापडतात.

*पडताळणी:* शब्दाच्या अगदी सुरुवातीला क्प असलेले शब्द शोधा. मोनोत इतरत्र दोन व्यंजनं अशी एकावर एक येत नाहीत. म्हणून क्प हा एकच ध्वनी धरायचा, याला व्यवस्थेचाही आधार मिळतो.

टप्पा ६: आत ओढलेले ॿ आणि ॾ

'ब' म्हणताना फुप्फुसातली हवा बाहेर येते. आत ओढलेल्या ॿसाठी ओठ मिटलेले असताना स्वरयंत्र खाली सरकतं, तोंडातली पोकळी वाढते, आणि ओठ उघडताना हवा किंचित आत जाते. मोनोत साधा ब, आत ओढलेला ॿ, साधा ड आणि आत ओढलेला ॾ हे सगळे वेगळे आहेत.

मराठी माणसाला यासाठी फार लांब जायला नको. सिंधीत हे ध्वनी आहेत आणि देवनागरीतून सिंधी लिहिताना त्यांना खाली रेघ दिलेली अक्षरंच आहेत, जी मी इथे वापरली. उल्हासनगरात सिंधी घरात वाढलेल्या एखाद्या मित्राला 'ॿ', म्हणजे दोन, आणि 'ॿारु', म्हणजे मूल, हे शब्द म्हणायला सांगा, आणि लगेच साध्या 'ब'चा शब्द. दहा मिनिटं समोर बसून ऐकलं, त्याचा गळा पाहिला, की कान तयार होतो. मोनोचा ॾ दंतमूलीय आहे, म्हणजे वरच्या दातांमागच्या हिरडीला जीभ टेकवून काढलेला; सिंधीत त्याला मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवलेली छटा ऐकू येऊ शकते. म्हणून सराव मुख्यतः ॿवर करा.

इथली ठरलेली चूक म्हणजे ॿ हा 'भ' म्हणून लिहिणं. आपल्या कानाला 'ब'पेक्षा वेगळं काही ऐकू आलं की आपल्याकडचा मोकळा खण 'भ'चा असतो, तिथे तो जाऊन पडतो. मोनोत महाप्राण ध्वनी नाहीत. वहीत एक जरी 'भ', 'ध', 'ख' दिसला, तरी ते पान पुन्हा तपासा.

आलेखात फरक स्पष्ट असतो. साध्या 'ब'च्या बंद जागेत कंपनं हळूहळू मंदावतात, कारण तोंडात दाब वाढत जातो. आत ओढलेल्या ॿमध्ये ती तशीच राहतात किंवा सुटण्याच्या दिशेने मोठी होत जातात. एका शब्दावरून ठरवू नका. एकाच भाषकाचे प्रत्येकी दहाएक शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा.

जाता जाता 'ट' आणि 'त'बद्दल. मोनोचा ध्वनी या दोघांच्या मधला, दंतमूलीय आहे. इंग्रजीतला तसाच ध्वनी आपण 'ट' लिहितो आणि फ्रेंचमधला 'त'. मोनो ऐकताना मग काही शब्दांत 'ट' आणि काहींत 'त' असं लिहिलं जातं, आणि भाषेत नसलेला भेद वहीत तयार होतो. ध्वनी एकच आहे.

टप्पा ७: नाकातून सुरू होणारे स्पर्श

म्ब, न्ड, ङ्ग आणि जुळा ङ्म्ग्ब. मराठी 'अंबा'मध्ये अनुस्वार आधीच्या अवयवाचा आहे: अम्-बा. मोनोत नासिक्य भाग पुढच्या व्यंजनाला चिकटलेला असतो आणि शब्द त्यानेच सुरू होऊ शकतो. आपल्याकडे असा शब्द नाही, म्हणून ऐकताना सुरुवातीला एक 'अ' किंवा 'इ' कल्पनेने लागतो. तो वहीत उतरला की दोन अवयवांचं नाम तीन अवयवांचं होतं आणि टप्पा ४ मधली सगळी मांडणी ढळते.

*पडताळणी:* शब्द ओठ मिटलेल्या स्थितीपासून सुरू होतो का, ते आलेखात पाहा. स्वर असता तर ठळक पट्ट्या दिसल्या असत्या. नासिक्य भाग फिका असतो.

टप्पा ८: तीन 'व'

मोनोतला सगळ्यात नाजूक भेद हाच. दात-ओठांमधून घासून जाणारा व, दोन्ही ओठ गोल करून काढलेला व, आणि ताडित व हे तिन्ही वेगळे स्वनिम, म्हणजे बदलले की शब्दाचा अर्थ बदलणारे ध्वनी आहेत. मराठीला यांतला एकही नेमका लागू पडत नाही. आपला 'व' बहुतेकदा दातांजवळ ओठ नेतो पण घासत नाही, आणि 'स्वाद', 'ग्वाल्हेर'मध्ये ओठांकडे झुकतो. एकच अक्षर सगळ्यांना पुरतं, म्हणून आपण फरक ऐकायची सवयच लावून घेतलेली नसते.

ताडित व असा निघतो: खालचा ओठ आधी आत, वरच्या दातांच्या मागे ओढला जातो. तिथून तो झटक्यात पुढे येतो आणि जाता जाता वरच्या दातांना निसटता आपटतो. काही वेळा तो दातांऐवजी वरच्या ओठाला आपटतो. मोनोत या दोन उच्चारांनी अर्थ बदलत नाही. म्हणून त्यांना दोन ध्वनी समजू नका, एकाच ध्वनीची दोन रूपं समजा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत या ध्वनीला स्वतंत्र चिन्ह २००५ साली मिळालं: उजवीकडे हूकसारखं वळण असलेला रोमन 'व्ही'. त्याआधीच्या नोंदींत वेगवेगळ्या खुणा दिसतील. मोनोच्या रोमन लिखाणात तो 'व्ही' आणि 'डब्ल्यू' अशी दोन अक्षरं जोडून लिहितात. ते वाचून 'व्व' किंवा 'व्‌व्ह' समजू नका. 'पाठवणं' या अर्थाचा शब्द याच ध्वनीने सुरू होतो आणि पुढे फक्त 'आ' आहे. सरावाला याच्यापेक्षा चांगला शब्द नाही.

फटका सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. सेकंदाला २५ चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ४० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ओठ आत जाऊन बाहेरही येऊ शकतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. १२० चित्रांना हे अंतर ८ मिलिसेकंदांवर येतं. कॅमेरा एकदा समोरून आणि एकदा अगदी बाजूने लावा. ओठ आत ओढला जाण्याची तयारी बाजूने दिसते, आणि ओळख तिच्यावरूनच पटते. फटका हुकला तरी तयारी हुकत नाही.

या ध्वनीबद्दल एक गैरसमज आधीच दूर करा. आफ्रिकेतल्या पुष्कळ भाषांत तो फक्त 'धपकन', 'सुळकन' अशा प्रकारच्या अनुकरणवाचक शब्दांत सापडतो. मोनोत तसं नाही, साध्या नामांत आणि क्रियापदांतही तो येतो. तेव्हा 'हा काहीतरी भावनेच्या भरातला उच्चार असेल' म्हणून शब्द बाजूला टाकू नका.

*पडताळणी:* मुद्रणातून तिन्ही प्रकारचे शब्द कापून, क्रम उलटसुलट करून, अर्थ न सांगता दुसऱ्या मोनो भाषकाला ऐकवा. तो कोणता शब्द ऐकला ते सांगेल. त्याची उत्तरं आणि तुमची विभागणी जुळत नसेल तर तुमची चुकली आहे.

टप्पा ९: स्वर

आठ स्वर आहेत: इ, ए, आ, उ, ओ, ऑ, 'अ'च्या जवळचा मध्यस्वर, आणि इ व उ यांच्या मध्ये उच्चारला जाणारा एक उंच मध्यस्वर. या शेवटच्यासाठी 'इ' धरून ठेवा, ओठ पसरलेलेच राहू द्या आणि जीभ मागे सरकवा. ओठ गोल झाले की तो 'उ'कडे गेला.

मागच्या बाजूला ओ आणि ऑ असे दोन आहेत, तर पुढच्या बाजूला 'ए'ला 'ऍ'सारखा जोडीदार असायला हवा, असं तक्ता आखताना वाटतं. मोनोत तो नाही. तक्त्याचा खण रिकामा आहे म्हणून भरू नका. 'ए' जरा उघडा ऐकू आलेले चार शब्द उचलून नवा स्वर उभा करण्याचा मोह इथे फार होतो. भेदाची जोडी मिळत नाही तोवर तो 'ए'च.

ऱ्हस्व-दीर्घाची सवयही सोडा. इ आणि ई, उ आणि ऊ असे वेगळे लिहायला हात शिवशिवतात, पण तो आपल्या शुद्धलेखनाचा संस्कार आहे. 'अ' आणि 'आ' यांच्याबाबत विशेष जपा. मोनोत तो फरक लांबीचा नसून जिभेच्या उंचीचा आहे.

टप्पा १०: सूर

सूर 'नंतर बघू' म्हणून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोनोत उंच, मध्य आणि नीच असे तीन सूर आहेत आणि ते बदलले की शब्द बदलतो. 'आवा' ही एकच अक्षरांची ओळ तीन सुरावटींत म्हटली की रस्ता, भीती आणि जुलाब असे तीन शब्द होतात. सूर न लिहिलेल्या यादीत हे तिन्ही एकाच ओळीत बसतात, आणि सहा महिन्यांनी ते वेगळे करायला भाषक समोर नसतो.

कान तयार करायला लिंगालापासून सुरुवात करणं सोयीचं, कारण तिथे दोनच सूर आहेत. 'कोकोमा'चा मधला अवयव नीच असेल तर लिहिणं, उंच असेल तर पोहोचणं. हे दोन डोळे मिटून ओळखता आले की मग मोनोच्या तीन सुरांकडे या.

आता टप्पा ४ मधले ढीग बाहेर काढा. दोन अवयवांची नामं घ्या, फक्त तीच. प्रत्येक अवयवाला तीन पर्याय, म्हणजे जास्तीत जास्त नऊ सुरावटी. एक शब्द वाजवा, मग दुसरा, आणि प्रश्न एवढाच विचारा: सुरावट सारखी की वेगळी? उंच-नीच अशी नावं इतक्यात देऊ नका. सारखे वाटणारे एका ढिगात, वेगळे दुसऱ्यात. नऊच्या नऊ ढीग होतीलच असं धरून चालू नका, आणि दहावा झाला तर दोन ढीग पुन्हा ऐका.

भाषकाला शब्द शिट्टीवर वाजवायला किंवा ओठ मिटून गुणगुणायला सांगा. व्यंजनं गळून पडतात आणि सूर उघडा राहतो. बऱ्याच जणांना हे सहज जमतं, आणि न जमल्यास आग्रह धरू नका.

प्राटमध्ये मोजताना स्वरकंपनाची मर्यादा पुरुषाच्या आवाजाला साधारण ७५ ते ३०० हर्ट्‌झ, स्त्रीच्या आवाजाला १०० ते ५०० अशी ठेवा. चुकीच्या मर्यादेत रेषा मध्येच दुप्पट किंवा निम्मी उडी मारते आणि तो सूर वाटतो. आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा:

- घोष व्यंजनानंतर स्वर थोडा खालून सुरू होतो, अघोषानंतर थोडा वरून. 'बा' आणि 'पा' यांची थेट तुलना करू नका.
- इ आणि उ हे स्वर आपसूकच 'आ'पेक्षा किंचित उंच लागतात.
- वाक्याच्या शेवटाकडे सगळाच आवाज उतरत जातो. वाक्याच्या सुरुवातीचा मध्य सूर शेवटच्या उंच सुराच्या बरोबरीला भरू शकतो.

म्हणून 'इतके हर्ट्‌झ म्हणजे उंच' असा नियम कधीच करू नका. सूर शेजारच्या अवयवाच्या तुलनेत ठरतो.

*सावध:* क्रियापदांचा ढीग नामांनंतर घ्या. मोनोत सूर व्याकरणाचंही काम करतो, क्रियापदाच्या रूपाबरोबर तो बदलू शकतो. काही क्रियापदं आज्ञार्थी आणि काही भूतकाळी अशी मिसळली असतील, तर सुरांचा हिशोब लागणार नाही. सगळी एकाच रूपात पुन्हा मुद्रित करावी लागली तरी करा.

टप्पा ११: खुणा, जोड्या आणि जपणूक

आता ध्वनिलिपीत लिहा. उंच सुराला उजवीकडे चढणारी तिरकी रेघ, नीच सुराला उतरणारी, मध्य सुराला आडवी, आणि प्रत्येक स्वरावर खूण हवीच. 'खूण नाही म्हणजे मध्य' असा शॉर्टकट घेतला, की सूर मध्य आहे की लिहायचा राहिला, हे पुढे कळत नाही. सांगोच्या १९८४च्या अधिकृत लेखनात नीच सुराला खूण देत नाहीत, उंचाला टोपी आणि मध्याला दोन टिंबं देतात. तिथून आलेली सवय मोनोच्या वहीत आणू नका.

भेदाच्या जोड्या लावताना दोन्ही शब्दांचे सूर सारखे असल्याची खात्री करा. ब आणि ॿ यांची जोडी म्हणून दिलेल्या शब्दांत सूरही वेगळे असतील, तर अर्थ कशामुळे बदलला हे सिद्ध होत नाही. पूर्ण जोडी मिळाली नाही तर जवळची घ्या, पण शेजारचा स्वर आणि अवयवाची जागा तरी सारखी असू द्या.

शेवटी यादीतले पन्नासएक शब्द निवडून, तुमचं लिखाण बाजूला ठेवून, मूळ मुद्रणावरून कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा आणि दोन्ही ताडून पाहा. चुका कुठे गोळा होतात ते दिसेल: बहुधा तीन 'व'मध्ये आणि मध्य सुरात. त्या गटातले सगळे शब्द पुन्हा ऐका, फक्त चुकलेले नव्हे. मूळ वेव्ह फाइलला हात न लावता तिची प्रत कापा, फाइलच्या नावात भाषासंकेत, बोली, भाषकाचा क्रमांक आणि तारीख घाला, आणि एक संच भाषकाच्या हाती द्या.